बाळंतपणानंतर पोटातली खिंड आणि दुखऱ्या बरगड्या: घरी काय तपासायचं, काय करायचं

पुण्याजवळच्या धायरीहून आलेली एक मुलगी परवा माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर पडली होती. बाळ चार महिन्यांचं, बाळंतपण नॉर्मल. तक्रार एकच: “मॅडम, उजवीकडे ब्राच्या पट्ट्याखाली सारखं दुखतं. मोठा श्वास घेतला की टोचतं.” छातीचा एक्सरे झाला होता, ईसीजी झाला होता, पित्ताच्या गोळ्यांची दोन पाकिटं संपली होती. मी म्हटलं, “बरं, उठून बस बघू.” ती सरळ झटक्यात उठली, आणि उठताना तिच्या पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, कौलारू घराच्या आढ्यासारखा एक उभा कणा वर आला. बसल्यावर गायब. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. “हे तिला असं होतंच हो,” त्या म्हणाल्या, “पोट नीट बांधून घेतलं नाही ना, वारा शिरला.”

वारा शिरला नव्हता. पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जाऊन मधे खिंड पडली होती, आणि तिची बरगडी त्याच कारणाने कुरकुरत होती. तिला ही दोन वेगळी दुखणी वाटत होती. एकासाठी ती फिजिशियनकडे गेली, दुसऱ्यासाठी मोबाइलवर व्यायाम शोधत बसली. मला सगळ्यात जास्त भेटते ती हीच चूक, म्हणून हा लेख.

आधी हे: कुठलं दुखणं घरी बसून बघायचं नाही

बरगडीचं दुखणं बहुतेक वेळा स्नायू-सांध्यांचंच असतं. पण बाळंतिणीच्या बाबतीत काही गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात, व्यायाम नंतर.

अचानक छातीत दुखू लागलं, धाप लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे, खोकल्यात रक्त आलं, तर थेट इमर्जन्सी गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो, आणि ती फुप्फुसात गेली की दुखणं बरगडीसारखंच वाटतं.

उजव्या बरगडीखाली दुखतंय आणि सोबत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर-हातांवर सूज असेल, तर त्याच दिवशी ब्लडप्रेशर तपासून घ्या. गरोदरपणात बीपी नॉर्मल होतं म्हणून निर्धास्त राहू नका, ते बाळंतपणानंतरही वाढू शकतं.

जेवणानंतर तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, उलटी होते, तर पित्ताशयातल्या खड्यांची शंका घ्यावी लागते. गरोदरपणात हे खडे व्हायची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे बाळंतपणानंतर लगेच तुपात घोळवलेला खुराक चालू होतो. सोनोग्राफीत खडे दिसतात. आडवं पडल्यावर श्वास लागणं आणि पाय सुजणं हे हृदयाचं लक्षण असू शकतं. ताप, खोकला आणि श्वासाबरोबर टोचणं हेही डॉक्टरांचंच काम.

पोटाच्या बाबतीत एकच खूण लक्षात ठेवा: बेंबीपाशी किंवा टाक्यांपाशी आलेला फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आडवं पडूनही आत जाईना, वर उलट्या सुरू झाल्या, तर तो अडकलेला हर्निया असू शकतो. त्याला मालिश नाही, शेक नाही. हॉस्पिटल.

एकाच शिवणीला दोन कापडं

आता काय बिघडतं ते बघू. छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत पोटावर दोन उभे स्नायू उतरतात. दोघांच्या मधे एक पांढरट चिवट पट्टी असते, तिला लिनिया अल्बा म्हणतात. पोटाचे तिरके आणि आडवे स्नायू दोन्ही बाजूंनी येऊन याच पट्टीत गुंफले जातात. ब्लाउजच्या पुढच्या मधल्या शिवणीसारखी ती समजा. गरोदरपणात ती ताणते, पातळ होते. ती फाटत नाही, हे आधी डोक्यातून काढा. बायका “माझं पोट फाटलंय का?” असं विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात खरी भीती असते.

ही पट्टी ताणण्यात अपवाद कोणी नाही. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी त्यांतल्या ६० टक्के बायकांच्या पोटात अंतर होतं, सहा महिन्यांनी ४५ टक्क्यांच्या, आणि वर्षभरानंतरही जवळजवळ ३३ टक्क्यांच्या. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: अंतर असलेल्या बायकांची कंबर बाकीच्यांपेक्षा जास्त दुखत नव्हती. म्हणजे कंबरदुखीचं सगळं खापर या खिंडीवर फोडू नका.

बरगड्यांचं काय होतं? गर्भाशय वर चढतं तसा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, सुमारे ४ सेंटीमीटर वर सरकतो. फुप्फुसांना जागा हवी म्हणून खालच्या बरगड्या बाहेर फाकतात. पुढून दोन्ही बरगड्यांमधे जो उलटा व्ही दिसतो, त्याचा कोन सुमारे ६८ अंशांवरून १०३ अंशांपर्यंत उघडतो आणि छातीचा घेर ५ ते ७ सेंटीमीटर वाढतो. बाळ बाहेर येतं, पण फाकलेला पिंजरा त्याच दिवशी मिटत नाही. त्याला खाली ओढून धरणारे तिरके स्नायू याच खालच्या बरगड्यांवर चिकटलेले असतात, आणि त्यांची पुढची शिवण सैल झालेली असते. दोरी सैल पडली की तंबूचा कापडी पडदा आणि खांब दोन्ही हलतात, तसंच हे.

म्हणून फक्त पोट “आत घेत” बसलात तर बरगड्या तशाच राहतात. आणि नुसती बरगडी शेकत बसलात तर चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

पायरी १: मोजा, पण सहा आठवड्यांनंतर

पहिल्या सहा आठवड्यांत मोजण्यात अर्थ नाही. तेव्हा बहुतेकींना अंतर असतं, आणि आपोआप होणारी सुधारणाही साधारण पहिल्या आठ आठवड्यांतच जास्त होते. सिझर असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत थांबा.

उताणं झोपा, गुडघे वाकवून तळवे टेकवा. एका हाताची बोटं जोडून बेंबीवर ठेवा, बोटांची टोकं पायांकडे. श्वास सोडत फक्त डोकं आणि खांदे किंचित उचला, जितकं उशीवरून मान वर काढून दाराकडे बघावं तितकंच. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधे किती बोटं बसतात ते बघा. मग तीन बोटं वर आणि तीन बोटं खाली जाऊन पुन्हा बघा. दोन बोटांपर्यंत अंतर सहसा काळजीचं नसतं.

पण बोटं मोजून थांबू नका. खरी माहिती तळाशी असते. बोटं दाबल्यावर खाली ताणलेल्या बाजेसारखं काहीतरी घट्ट लागतंय, की भिजलेल्या पोळीच्या कणकेत बोट रुतावं तसं रुतत जातंय? तीन बोटं अंतर पण तळ घट्ट, अशा बाईला मी दोन बोटं पण तळ मऊ असलेल्या बाईपेक्षा चांगल्या स्थितीत मानते. आकड्यावरून रडत आलेल्या मुलींना मी हेच आधी सांगते, आणि त्यांचा विश्वास बसत नाही.

आकडा आणि तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. महिन्यातून एकदाच बघा. रोज बघाल तर रोज वेगळा येईल.

पायरी २: बरगडी नक्की कुठे दुखते

आरशासमोर उभं राहून एका बोटाने जागा शोधा. हाताच्या पंज्याने “इथे सगळीकडे” असं दाखवू नका.

छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूला, दाबल्यावर नेमकं दुखतं: बरगडी जिथे कूर्चेला जुळते तिथे सूज असते. उलटसुलट झोपणं आणि एकाच बाजूला बाळ घेणं त्याला चिडवतं.

खालच्या कडेला दोन्हीकडे ओढ, जळजळ, ब्राचा पट्टा नकोसा होणं: हा फाकलेल्या पिंजऱ्याचा आणि ताणलेल्या पोटाचा प्रकार. धायरीच्या मुलीचं हेच होतं. आधी पट्टा बघा, गरोदरपणाआधीचीच ब्रा चालू असते बरेचदा. तुळशीबागेत ब्राला मागून जोडायच्या हुकांच्या पट्ट्या मिळतात, त्या लावल्या की काहींचं निम्मं दुखणं त्याच दिवशी जातं.

मागे पाठीच्या फऱ्याजवळ सुरू होऊन बगलेखालून पुढे येतं: पाठीच्या मणक्यांचे आणि बरगड्यांचे सांधे आखडलेले. कारण जवळजवळ नेहमी पाजण्याची बसण्याची पद्धत.

वळताना खालच्या कडेला “टक्” होतं आणि कळ येते: आठवी, नववी, दहावी बरगडी मधल्या हाडाला थेट जोडलेली नसते, ती कूर्चेच्या आधाराने वर टेकलेली असते. ती सैल होऊन सरकू शकते. हे घरी ओढाताण करून बरं करायचं काम नाही, कोणाला तरी दाखवा.

माझं स्वतःचं दुखणं तिसऱ्या प्रकारचं होतं. पहिल्या मुलीच्या वेळी मी दिवाणावर मांडी घालून, पाठ कुबडी करून, डाव्या बाजूलाच पाजायचे, कारण उजव्या हातात मोबाइल. तीन महिन्यांनी डाव्या फऱ्याखाली अशी कळ यायला लागली की स्कूटर मेन स्टँडवर चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. आणि मी फिजिओथेरपिस्ट! वर पंचेचाळिसाव्या दिवशी, पोट लवकर आत जावं म्हणून, दाराला कडी लावून प्लँक (कोपर आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ उचलून धरणं) केले होते. नवऱ्याने विचारलं, “हे तू पेशंटना सांगतेस का?” मी उत्तर दिलं नाही.

पायरी ३: श्वास (इथेच खरं काम आहे)

बायकांना हे ऐकून निराशा येते. एवढ्या लांब रिक्षा करून आलो आणि ही बाई श्वास घ्यायला शिकवते! पण पोटातला दाब कुठे जायचा हे श्वास ठरवतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, बाजूंना पोटाचे स्नायू आणि मागे पाठ, असा तो डबा आहे. दाब वाढला आणि पुढची शिवण मऊ असली की तिथून फुगवटा येतो, खालचा तळ सैल असला की शिंकताना लघवी सुटते. दोन्ही एकाच डब्याची गळती.

एक जुनी ओढणी घ्या. ब्राच्या पट्ट्याच्या खाली, खालच्या बरगड्यांभोवती मागून पुढे आणा आणि पुढे दोन टोकं एकमेकांवरून तिरकी धरा. गाठ मारू नका. गुडघे वाकवून उताणं झोपा, किंवा भिंतीला पाठ टेकून बसा.

नाकाने श्वास घ्या आणि ओढणीला बाजूंनी आणि पाठीकडून ढकला. खांदे कानांकडे चढले तर श्वास वरच अडकतोय. पोटच फुग्यासारखं पुढे येतंय आणि ओढणी हललीच नाही, तर बरगड्या झोपलेल्या आहेत. पहिल्या दिवशी पुष्कळ जणींची ओढणी एका बाजूला हलते आणि दुखऱ्या बाजूला अजिबात हलत नाही. ही फार कामाची खूण. त्या बाजूवर हात ठेवून तिथेच श्वास पाठवायचा.

आता सोडा. ओठांचा चंबू करून, अमृततुल्यच्या बशीतला गरम चहा फुंकतो तसा हळू, लांब. पुढच्या दोन बरगड्या एकमेकींकडे आणि खाली बसत जाताना ओढणीत जाणवतील. श्वास निम्मा सुटला की खालचा तळ आत-वर उचला, लघवी मधेच थांबवल्यासारखा (प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका). बेंबीखालचं पोट आपोआप आत सरकेल. ओढून धरू नका, तो भाग नुसता सपाट व्हायला हवा. पुन्हा श्वास घेताना सगळं सोडून द्या. सोडणं तितकंच महत्त्वाचं, सतत पोट आत ओढून फिरणाऱ्या बायकांच्याही बरगड्या दुखतात.

आठ श्वास, दिवसातून चार वेळा. वेगळा वेळ काढू नका, नाहीतर होणारच नाही. बाळ अंगावर असताना करा. नॉर्मल बाळंतपण असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून करता येतं, सिझरमधेही हलका श्वास लवकर सुरू करता येतो, टाक्यांवर उशी धरून.

पायरी ४: उठणं, बसणं, उचलणं

दिवसात वीस मिनिटं व्यायाम केला आणि उरलेला सगळा दिवस झटक्यात उठत राहिलात, तर व्यायाम वाया.

अंथरुणातून उठताना आजी सांगायची तेच: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन श्वास सोडत उठायचं. आजीने त्यामागे वेगळं कारण सांगितलं असेल, पण रीत बरोबर आहे.

पाजताना बाळ छातीपर्यंत आणा, छाती बाळापर्यंत नेऊ नका. मांडीवर दुपटी-गोधड्यांची थप्पी अशी रचा की बाळाचं डोकं स्तनाच्या उंचीला येईल आणि तुमचा खांदा खाली सुटेल. पाठीला टेकू, पायाखाली पाट. बाजू आलटून पालटून. मोबाइल दुसऱ्या खोलीत, हे मी अनुभवाने सांगते.

शिंक किंवा खोकला आला की मान बाजूला वळवा, पोटावर हात धरा आणि शिंकेच्या आधी तळ उचला. संडासात कुंथू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे वर आले की जोर कमी लागतो. बद्धकोष्ठ असेल तर आधी तेच बघा. तीन आठवड्यांचा व्यायाम एका सकाळच्या कुंथण्याने मागे जातो.

भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, पाण्याचा मोठा कॅन: पहिल्या सहा आठवड्यांत बाळापेक्षा जड काही नको. नंतर उचललंत तरी श्वास सोडत, वस्तू अंगाजवळ धरून. मोठ्या मुलाला सारखं एकाच कडेवर घेऊ नका, तीच बाजू वाकून तिथली बरगडी पिचते.

आणि स्कूटर. पुण्यात बाळंतीण दोन महिन्यांत स्कूटरवर बसते, ते टळत नाही. पण मेन स्टँडवर चढवणं हा पोटावरचा मोठा झटका आहे. साइड स्टँड वापरा, किंवा शेजारच्या कोणाला हाक मारा. सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून जाताना हँडल आवळून श्वास रोखला जातो, तो सोडत चला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या “नवस आहे म्हणून” सव्वा महिन्यात चढायला निघालेल्या दोघी-तिघी मला दर वर्षी भेटतात. चढणं एवढं वाईट नसतं, उतरताना झटके जास्त बसतात. नवस देवाने आणखी दोन महिने उधार ठेवला तर चालतं.

पायरी ५: व्यायाम

एकच नियम, बाकी सगळं त्यातून निघतं: व्यायाम करताना पोटाचा कणा वर आला, श्वास रोखला गेला, खाली जड वाटलं किंवा लघवी सुटली, तर तो व्यायाम आज तुमचा नाही. एक पायरी खाली या.

सहा आठवड्यांपर्यंत वरचा श्वास, आडवं पडून कंबर हळूच जमिनीला टेकवणं आणि सोडणं, घोटे हलवणं, घरातल्या घरात चालणं. बरगडीसाठी: कुशीवर झोपा, गुडघ्यांमधे उशी, वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे उघडा, दोन श्वास थांबा, परत आणा. प्रत्येक बाजूला पाच वेळा. रात्री बारा वाजता पाजून झाल्यावर हे केलं तर झोपही चांगली लागते.

सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की पुढचे सुरू करा. गुडघे वाकवून झोपून श्वास सोडत एक टाच सरळ सरकवायची आणि परत आणायची. एक गुडघा बाहेर पाडून परत आणायचा. कंबर उचलून सेतू. भिंतीला हात लावून उभ्याने दंड. चार पायांवर मार्जारासन, पण पाठ खाली झोकून पोट लोंबू द्यायचं नाही. प्रत्येकी आठ ते दहा, दोन वेळा. ओढणी पहिले काही दिवस बांधूनच ठेवा, बरगड्या वर उचकटल्या की लगेच कळतं.

बरगडीसाठी या टप्प्यात एक युक्ती फार चालते. जाड टॉवेलची सुरळी करा, फऱ्यांच्या खालच्या कडेला पाठीखाली आडवी ठेवून झोपा, हात बाजूला, एक-दोन मिनिटं, श्वास पाठीत. टोचलं तर सुरळी लहान करा. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याची पिशवी चालेल. सिझरच्या टाक्यांजवळची कातडी बधिर असते, तिथे पिशवी नको. चटका बसलेला कळत नाही.

साधारण तीन महिन्यांनंतर, वरचं सगळं कणा न येता जमत असेल तर बाळाला छातीशी धरून उठाबशा, गुडघे टेकून बाजूचा प्लँक, उताणं झोपून उलटसुलट हातपाय सोडणं. धावणं, उड्या, झुंबा याच्याआधी नको.

क्रंचेसबद्दल थोडं सविस्तर. “क्रंचेस म्हणजे विष” असं सगळीकडे ऐकू येतं. मीही पाच-सहा वर्षांपूर्वी तसंच सांगायचे. नॉर्वेतच ७० बायकांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये छापून आला. पोटाचं अंतर असलेल्या बायकांना डोकं-खांदे उचलायचे व्यायाम टप्प्याटप्प्याने दिले. अंतर वाढलं नाही, ताकद वाढली. म्हणजे विष वगैरे नाही, पण ते शिडीच्या वरच्या पायरीवर येतं आणि श्वास सोडत, कमी उचलून करायचं असतं. पंचेचाळिसाव्या दिवशी कडी लावून करायचं ते नव्हे.

योगाच्या वर्गाला जात असाल तर शिक्षकांना आधी सांगा. पुण्यात अय्यंगार पद्धतीचे वर्ग पुष्कळ आहेत आणि त्यांत पट्टे, लोड, ब्लँकेट यांचा आधार घेतात, ते बाळंतिणीला सोयीचं पडतं. नौकासन, कपालभाती आणि पाय सरळ वर उचलायचे प्रकार मात्र काही महिने बाजूला.

पट्टा, मालिश आणि लाडू

सासूबाईंचं म्हणणं पूर्ण खोडून काढायला मी तयार नाही. जुन्या नऊवारीची पट्टी किंवा दुकानातला पट्टा बांधल्याने पहिले काही आठवडे आधार वाटतो, सिझरनंतर उठताना दुखणं कमी होतं. पण पट्ट्याने स्नायू जवळ येत नाहीत. आणि तो श्वास घेता येणार नाही इतका घट्ट बांधला की दाब खाली तळावर जातो आणि बरगड्यांची हालचाल बंद पडते. दोन बोटं आत जातील इतका सैल, चालताना-काम करताना, जेवताना-झोपताना काढून. हळूहळू वेळ कमी करत न्या.

मालिशवाल्या बाईचे हात पाठीला, खांद्यांना, पायांना सोन्यासारखे. पोटावर मात्र जोराने “पोट जागेवर बसवणं” नको, सिझरच्या जखमेवर तर नाहीच. बरगडीच्या दुखऱ्या बिंदूवर अंगठा रुतवून दाबण्याने सूज वाढते. शेक-शेगडी पाठीला हवीहवीशी वाटते, ती असू द्या, धूर मात्र खोलीत कोंडू देऊ नका.

डिंकाचे-अळिवाचे लाडू खा, पण शिवण लाडवांनी जुळत नाही. प्रथिनं बघा: डाळ, दही, अंडी, मासे, जे तुमच्या घरात चालतं ते. सगळीच हाडं दुखत असतील, जिना चढताना मांड्या उचलत नसतील, तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या.

किती दिवस, आणि नंतर कुठे

बरगडीला दोन ते सहा आठवड्यांत फरक पडायला हवा. पोटाचं काम महिन्यांचं आहे, तीन महिने नेमाने केल्यावर तळ घट्ट लागायला लागतो, अंतर थोडं राहिलं तरी. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, फुगवटा वाढतोय, किंवा लघवी सुटते आहे, तर दाखवा. सोनोग्राफीने अंतर नेमकं मोजता येतं. ऑपरेशन असतं, त्यात मधली शिवण पुन्हा टाचतात, पण हर्निया नसेल तर शेवटच्या बाळंतपणानंतर निदान सहा महिने ते वर्षभर आणि आधी नीट व्यायाम करून मगच त्याचा विचार. आणखी मूल हवं असेल तर थांबलेलंच बरं.

खाजगी परवडत नसेल तर पुणे स्टेशनजवळच्या सरकारी ससून हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीची ओपीडी आहे. शिवाजीनगरचं संचेती, धनकवडीचं भारती विद्यापीठ अशा फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीतही दाखवता येतं. खिडकीवर “स्त्रीआरोग्याचं बघणारं कोणी आहे का” असं विचारा, नाहीतर गुडघेदुखीच्या रांगेत बसवतील.

जाताना डिस्चार्ज कार्ड घ्या, सैल कुडता आणि नाडीची सलवार घाला म्हणजे पोट आणि बरगड्या दोन्ही बघता येतात, कॅलेंडरमागचा तो आकडा लिहून न्या. आणि बाळाला बरोबर घेऊनच जा. तुम्ही त्याला कसं उचलता आणि कुठल्या बाजूला घेता हे बघितल्याशिवाय अर्धी तपासणी राहून जाते.